पाहुण्यांच्या अर्धं पाऊल मागे

अर्धं आयुष्य मी एसटीच्या दोन सीटांमधल्या बोळातून पुढे-मागे करण्यात घालवलं. कंडक्टर माणसाचा जगावर विश्वास नसतो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर ओढून "अर्धंच लागतंय की हो त्याला" म्हणणारी माणसं रोज भेटली, की कुणाचंही तोंड बघितलं तरी आपण आधी त्याचं वय ताडायला लागतो. घरात कुणी गोड बोललं तरी माझा हात खांद्यावरच्या बॅगेकडे जातो, बॅग नसली तरी. बायको म्हणते, "हार घालताना बी तुमी माझ्याकडं असंच बघितलतं. फुकट चढल्यावानी."

तर अशा माणसाच्या मुलीने स्वतःचं लग्न स्वतःच जुळवावं आणि त्यात खोट काढायला काही म्हणजे काही शिल्लक ठेवू नये, अशी माझ्यावर पाळी आली.

मुलगी हैदराबादला नोकरीला आहे. तिथे तिला मुलगा भेटला. एवढ्या मोठ्या शहरात भेटला म्हणजे कुठला तरी लांबचा, भाषा न कळणारा असेल, आपण थोडे दिवस फुगून बसू, मग बायको समजूत काढेल, असा माझा हिशेब होता. पण मुलगा निघाला नांदूरघाटच्या बाजूचा. आमच्या नेकनूरहून एका एसटीच्या अंतरावरचा. जात तीच, नात्यात बसणारा, वय बरोबर, नोकरी चांगली, दारू नाही. वर त्यांची जमीन बागायत, आणि आमची बाजरीची, तीसुद्धा पाऊस मेहेरबान असेल तर. बाकी आमच्याकडे शेरडं. मुलाचे वडील एकेकाळी राजकारणात होते, चार गावांत त्यांच्या शब्दाला मान होता. अशा घरानं आमच्या दारात यावं, हे मला पटेना. फुकट मिळालेली खिडकीची सीट बहुतेक ओली असते, एवढं मला कळतं.

ते नवरा-बायको आमच्याकडे येऊन गेले. मुलाचे वडील आले, खुर्चीत बसले, पोहे खाल्ले, चहा घेतला. मुलीबद्दल एक प्रश्न नाही. देण्याघेण्याचा विषय नाही. मानपानाचा नाही. माझी आई आतल्या खोलीतून आडून आडून विचारत होती, तर म्हणाले, "आमचं काही म्हणणं न्हाई." आणि गेले.

बायको कपबशा उचलता उचलता म्हणाली, "काही म्हणणं न्हाई म्हणजे? एवढ्या लांबून पोहे खायला आलते का?"

पुढच्याच आठवड्यात केजच्या फेरीला एक म्हातारबुवा माझ्या शेजारच्या सीटवर बसले. बोलता बोलता कळलं, त्याच गावचे. मी इकडचं तिकडचं काढून विषय त्या घरावर नेला. म्हातारबुवा म्हणाले, "घर लई चांगलं. पण त्या पोराची एक सोयरीक मोडलीय की आधी. सुपारी फुटल्यावर मोडली."

"कावून मोडली?"

"ते मला काय ठावं," म्हातारबुवा उठत म्हणाले. "घंटी मारा, माझं गाव आलं."

अशी माणसं अर्धी बातमी देऊन उतरतात. उरलेली अर्धी मग आपल्याच डोक्यात फिरत बसते. मी आणि बायकोने त्या अर्ध्या बातमीला नाना तऱ्हेची शेपटं लावून पाहिली. मुलाला काही आजार असेल. कुठे गुंतलेला असेल. बापाचं तोंड वाईट असेल. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "पप्पा, मला माहितीय ते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते मी सांगून तुम्हाला पटणार नाही, तुम्ही त्यांनाच विचारा. माझं उत्तर झालंय, तुमचं राहिलंय. तुम्ही नको म्हणालात तर मी त्याच्याशी करणार नाही. पण मग दुसरीकडं कुणाकडं पोहे घेऊन बसणार पण नाही."

हे तिने भांडून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली. तिचा आवाज असा शांत झाला की ती तिच्या आईची मुलगी आहे हे लक्षात येतं, आणि मी गप्प बसतो.

आता मी पळायला कसा लागलो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी पहाटे डांबरी रस्त्याने चालायला लागलो. पण झालं असं, की प्रत्येक गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा. कंडक्टर माणूस पायी चाललाय बघून गाडी थांबायची. "बसा." नको म्हटलं तर राग. दोन-तीनदा तर मला बसावंच लागलं आणि पुढच्या गावाहून उलटं चालत यावं लागलं. शेवटी, हा माणूस मुद्दाम करतोय हे लांबून कळावं म्हणून मी पळायला लागलो. तेव्हापासून गाड्या थांबायच्या बंद झाल्या, नुसत्या हळू व्हायच्या आणि ड्रायव्हर खिडकीतून विचारायचे, "काय कंडक्टर, गाडी चुकली काय?"

ही कीर्ती नांदूरघाटपर्यंत गेली असावी. एक दिवस मुलाच्या वडिलांचा फोन आला. त्यांना मी पाहुणे म्हणत होतो. व्याही म्हणण्याइतकं अजून काही झालं नव्हतं, आणि नुसतं नाव घेण्याइतके ते लहान नव्हते.

"पाहुणे, तुमी पळता म्हणं," ते म्हणाले. "मी बी पळतो. हैदराबादला पावसाळ्यात मोठी मॅरेथॉन असती. पोरं तिथंच हायत. आपण दोघं अर्धी मारू. संगं संगं."

अर्धी मॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर. बीडच्या स्टँडवरून निघालं, तर नेकनूरच्या थोडं अलीकडे माणूस रस्त्याच्या कडेला पडेल, एवढं अंतर. मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

"तिथं चढ लई हायत," ते पुढे म्हणाले. "पूल हायत, टेकड्या हायत. चढावर एकच करायचं, बोलत बोलत चढायचं. पुरं वाक्य बोलता आलं तर चाल बरोबर. न्हाई आलं तर जास्त झाली, कमी करायची. आपण बोलत राहू."

मी हे बायकोला जसंच्या तसं सांगितलं. तिने हातातली परात खाली ठेवली.

"बोलत राहू?"

"तसा नियमच आहे म्हणे पळणाऱ्यांचा."

"नियम न्हाई काही. तुमच्या तोंडून काढून घ्यायचं हाय त्यांना. दमल्यावर तुमी काय वाट्टेल ते बोलता. बाजरीचं पोतं उचललं की आमच्या भावाचं सगळं घराणं काढता." मग थोडा विचार करून म्हणाली, "जा तुमी. पण तुमीच विचारा. ती सोयरीक कावून मोडली ते विचारल्याबिगर घरी यायचं न्हाई."

मला सराव करायला दोन गोष्टी मिळाल्या, एक पळायचा आणि एक विचारायचा. सुट्टीच्या दिवशी मी मांजरसुंब्याच्या घाटात जायला लागलो. घाटाबद्दल मला आमच्या ड्रायव्हर लोकांमुळे थोडं माहीत होतं. गाडीचा दम गेल्यावर गिअर टाकायचा नसतो, पायथ्यालाच खालचा टाकायचा आणि मग एका लयीत वर घ्यायची. हे ऐकायला सोपं आहे. पण पायथ्याशी माणसाला वाटतं, अजून तर आपल्यात लई दम हाय. तिथेच तो गाडीहून येडा ठरतो. मी चढायला लागलो की मोठ्याने म्हणायचो, "पाहुणे, ती आधीची सोयरीक कावून मोडली?" पहिले काही आठवडे "पाहुणे, ती" याच्या पुढे गाडी जायची नाही. मग "आधीची" आलं. पावलं आणखी बारीक केली, हात कमरेजवळ धरले, नजर वरच्या वळणावर न ठेवता चार पावलं पुढच्या डांबरावर ठेवली, तेव्हा कुठे एक दिवस अख्खं वाक्य माथ्यापर्यंत पोचलं. कडेला शेरडं चारणारा एक ओळखीचा माणूस बराच वेळ हे बघत उभा होता. तो म्हणाला, "कुणाची मोडली, कंडक्टर?" मी त्याला गाण्याची ओळ आहे म्हणून सांगितलं. त्याला ते पटलं नाही, पुढच्या वेळी त्यानं पुढची ओळ विचारली.

हैदराबादला पोचलो. आमचा भाग निजामाच्या राज्यातला, तिथली जुनी माणसं अजून हैदराबादला जायचं म्हणजे सरकारदरबारी जायचं अशा आवाजात बोलतात, आणि मलाही शहरात पाय ठेवल्या ठेवल्या उगाच सदऱ्याची बटणं लावावीशी वाटली. शर्यतीच्या सकाळी तर अंगात सदराच नव्हता, आयोजकांनी दिलेला पिवळाधमक बनियन होता. पाहुण्यांच्या अंगावर तोच. फक्त त्यांना तो शोभत होता. डोक्याला टोपी, पायात वापरलेले पण स्वच्छ बूट, पोट नाही. माझं पोट बनियनला आधी पोचायचं आणि मी मागून.

सकाळच्या गार उजेडात तळ्याकाठी हजारो माणसं उड्या मारत होती. मुलगी आणि तो मुलगा सोडायला आले होते. मुलाने वाकून नमस्कार केला. मी त्याचा चेहरा बघत होतो, त्यात मोडलेली सोयरीक कुठे दिसते का. मुलगी माझ्या कानाशी आली.

"पप्पा, तिकीट तपासल्यासारखं बघू नका ना."

"मी कुठं बघतोय."

"आणि काय विचारायचं ते आजच विचारा. आम्ही दोघं शेवटाला थांबतो." तिने माझ्या बनियनवरची पिन नीट केली. मग तीच पिन काढून परत लावली. ही सगळी गंमत चालली होती ती कशासाठी, याची आठवण त्या हातानं मला परत करून दिली.

आम्ही निघालो. सपाटीवर काही अडचण नव्हती. पाहुणे पुढे, मी मागे. अगदी मागे नव्हे, अर्धं पाऊल. आता हे अर्धं पाऊल काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मुलीचा बाप मुलाच्या बापाच्या पुढे चालत नाही. बरोबरीनेही चालत नाही. लग्नाच्या मांडवात असो की कुणाच्या दहाव्याला, तो अर्धं पाऊल मागे असतो, आणि दाराशी आलं की म्हणतो, तुमी व्हा पुढं. हे मला कुणी शिकवलं नाही. माझे वडील माझ्या बहिणीच्या सासऱ्यामागे असेच चालायचे, ते मी बघितलं होतं. अजून काही ठरलेलं नव्हतं, पण ठरू शकणार होतं, म्हणून मी पाय आवरून होतो.

पहिला उड्डाणपूल आला. या पुलांवर कुणी विश्वास ठेवू नये. घाट निदान तोंडावर सांगतो की मी घाट आहे. पूल सपाट असल्यासारखा दिसतो, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत कठडे, खाली दुकानं, आणि चढ डोळ्यांना न कळता सरळ मांडीत येतो. पाहुणे मान न वळवता म्हणाले, "बोला, पाहुणे."

"हां," मी म्हणालो.

"रात्री झोप झाली का?"

"झाली."

"शेरडं किती हायत आता?"

मी सावध झालो. शेरडं कशाला विचारतोय हा माणूस? आमचं किती पाणी आहे ते बघतोय. "हायत," मी म्हणालो.

पाहुण्यांनी चाल वाढवली.

म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. मी एका शब्दात उत्तर दिलं आणि त्यांनी चाल वाढवली. बोलायला नको, तर पळून दाखव, असा त्याचा अर्थ मी लावला. त्यांच्या नियमानुसार मी एका शब्दावर आलो म्हणजे खरं तर चाल कमी करायची वेळ झाली होती. पण मी मागे पडलो असतो तर अर्ध्या पावलाचं एक झालं असतं, एकाचे दहा, आणि मग कसला मान आणि कसला प्रश्न. मीही वाढवली. अर्धं पाऊल जागच्या जागी ठेवलं.

उतारावर ते सुटले. मीही सुटलो. उतारावर ब्रेक धरून गाडी घ्यावी हे मला माहीत होतं, पण ते गाडीला लागू, आम्हाला नाही. दुसरा पूल आला. परत "बोला, पाहुणे," आता आवाज जरा कोरडा. मी "बोलतोय" म्हणालो आणि पुढे काही बोललो नाही. परत चाल वाढली. आमच्या आजूबाजूची तरुण पोरं, ज्यांना अजून बरंच पळायचं होतं, ती शहाण्यासारखी आखूड पावलांनी गप्पा मारत चढत होती. त्यांच्या मधून हे दोन पिकले लोक एकामागे एक तोफेच्या गोळ्यासारखे चालले होते. एका पोराने टाळ्या वाजवून "सुपर, अंकल" म्हटलं. मला तेवढ्यात त्याच्यावरही संशय आला.

पाण्याच्या टेबलापाशी पाहुणे थांबले नाहीत, म्हणून मीही थांबलो नाही. त्यांना तहान लागत नाही की ते मला दाखवतायत? राजकारणात राहिलेला माणूस. सभेत दोन-दोन तास उभं राहायची सवय. मी हे सगळं मनात मांडत होतो आणि घामाने डोळ्यांत आग होत होती. मधेच एकदा वाटलं, ती आधीची सोयरीक अशीच मोडली असेल. तो बापही असाच मागे पळून पळून मेला असेल.

मग टेकड्यांचा भाग आला. रस्ता वळून वर गेला, आणि वर गेल्यावर आणखी वर गेला. मोठमोठे बंगले, झाडं, भिंती. इथे मला पायथ्यालाच गिअर टाकायचा होता, तसं ठरवून आलो होतो. पण पाहुणे पुढे तसेच, आणि माझे पाय त्यांच्या पायांना बांधलेले. अर्ध्या चढावर माझ्या पोटरीत गोळा आला. समोरचा रस्ता थोडा पिवळा दिसायला लागला. माझ्या साखरेची मला ओळख आहे, ती उतरली की असा रंग लावते. खिशात मुलीने दिलेला गुळाचा खडा होता. तो तोंडात टाकायला हात वर नेला, तर हात तोंड सोडून भलतीकडे गेला.

मागे पडायचं की थांबा म्हणायचं? मागे पडलो असतो तर ते वर निघून गेले असते, शेवटाला पोरांसमोर एकटे पोचले असते, आणि मी नंतर लंगडत येऊन काय उत्तर देणार होतो मुलीला? आणि मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला भररस्त्यात थांबा म्हणायचं, हे मी आजवर कधी ऐकलेलं नव्हतं.

"थांबा, पाहुणे," मी म्हणालो.

ते इतक्या झटक्यात थांबले की मी त्यांच्या पाठीवर जाऊन आदळलो. ते दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकले होते. टोपी खाली पडली ती त्यांना उचलता येईना. माझ्याने पण वाकवेना. दोघं थोडा वेळ त्या टोपीकडे बघत राहिलो.

"आधी म्हणायचं की," ते धापा टाकत म्हणाले. "मी पहिल्या पुलापासून वाट बघायलोय. कुणीतरी थांबा म्हणंल म्हणून."

"तुमीच पळत होता की."

"तुमी मागून रेटत होता."

"मी कुठं रेटतोय? मी मानानं मागं होतो."

"मानानं?"

"मुलीचा बाप पुढं कसा जाईल?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. घाम हनुवटीवरून टपकत होता. "मला वाटलं, माझा दम बघायलाव. तुमच्या बुटाचा आवाज सारखा कानामागं. मी हळू केलं तर तुमी हळू, मी जोरात तर तुमी जोरात. बोला म्हटलं तर बोलंना. म्हटलं, कंडक्टर माणूस, ह्यांनी कायतरी ऐकलंय आपलं."

"ऐकलंय," मी म्हणालो.

घाटात इतके दिवस घोकलेलं वाक्य होतं. ते म्हणायला छातीत वारा नव्हता. "ती आधीची," एवढंच निघालं.

"सोयरीक," पाहुणे म्हणाले. त्यांनी टोपी उचलली, झटकली, पण डोक्यावर घातली नाही. "चला. चालत चालत सांगतो. पायाला गार पडू देऊ नका."

मी गुळाचा खडा चघळत चाललो. परत अर्धं पाऊल मागेच, पायांना तेच वळण. ते तुटक तुटक सांगत होते, मधे मधे थांबून.

"सप्त्याची पंगत होती आमच्या गावात. चार गावची माणसं. एक जण माझ्या ताटाजवळ आला, वाढायला. म्हणाला, माझी मुलगी हाय. मी भरल्या पंगतीत शब्द दिला. सवय होती ना मला, शब्द द्यायची. पोराला विचारलंच न्हाई. सुपारी फोडली. मग पोरगा आला गावाकडं अन् म्हणाला, अण्णा, मी न्हाई करणार." ते थोडं चालले. "त्याची काय चूक. मी गेलो त्या माणसाच्या घरी, सांगायला. त्यानं ऐकून घेतलं. चहा दिला. काही बोलला न्हाई. मी निघालो, तर तो माझ्या आधी उठला अन् बाहेर जाऊन माझ्या चपला सरळ करून ठेवल्या."

माझी नजर त्यांच्या बुटांकडे गेली.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," पाहुणे म्हणाले. "त्याचं घर माझ्या मळ्याच्या वाटंवर. रोज तिथून जायचं. तोंड कसं दाखवू? म्हणून पहाटं जायला लागलो. चालत गेलं तरी घर लवकर सरंना. मग पळायला लागलो."

बसमध्ये मी एक बघितलंय, खोटं बोलणारा माणूस लांबण लावतो आणि त्यात स्वतःचं बरं बरं घालतो. यांनी एकही बरं घातलं नव्हतं. पण खरं सांगतो, मला त्यावरून पटलं नाही. पटलं ते चपलांवरून. दुसऱ्याची मुलगी नाकारल्यावर तिच्या बापानं आपल्या चपला सरळ करून ठेवल्या, हे कुणी बनवून सांगत नाही. आणि तो बाप मी असतो तर मीही तेच केलं असतं. केलं असतं म्हणजे काय, त्या घडीला माझे पाय तेच करत होते.

"मग आमच्याकडं आलात तेव्हा काही बोलला न्हाईत ते?" मी विचारलं. आता पुरं वाक्य येत होतं.

"पोरानं सांगितलं होतं, अण्णा, ह्या बारीला तुमी तोंड उघडायचं न्हाई. पोहे खायचे अन् यायचं." ते एकदम हसले. "माझी मंडळी बी शेजारी बसून डोळे वटारत होती. पण तुमी कावून काही विचारलं न्हाई? बसमधी तर दर माणसाला कुठं चाललाव विचारता."

"आमच्या घरी विचारायचं काम बायकोचं हाय," मी म्हणालो. हे बोलायचं ठरवलं नव्हतं. चढच तसा होता. "तिनंच पाठवलंय मला. घरात माझं काही चालत न्हाई. मी फक्त घंटी मारतो."

"मग बरं हाय," पाहुणे म्हणाले, आणि रस्त्यात उभे राहिले. "आता बाजूला या."

"असू द्या की."

"या म्हणतो ना. मागं राहू नका माझ्या. मला ते बघवत न्हाई."

मी बाजूला गेलो. पाय ऐकत नव्हते, दर थोड्या वेळाने आपसूक मागे सरकत होते, आणि ते कोपराने मला पुढे घेत होते. राहिलेले चढ आम्ही बोलत बोलत काढले. शेरडं किती ते मी खरं सांगितलं. ऊस किती आणि त्यावर कर्ज किती ते त्यांनी खरं सांगितलं, ते ऐकून त्यांच्या बागायतीची मी उगाच धास्ती घेतली होती असं वाटलं. वाक्य तुटलं की पावलं बारीक करायची, वाक्य जुळलं की तशीच ठेवायची. नियम चांगला होता. बिचारा नियम सुरुवातीपासून आमच्यापुढे पळत होता आणि आम्ही त्याला सोडून एकमेकांच्या मागे लागलो होतो.

शेवटाची कमान दिसली. मुलगी आणि मुलगा कठड्यापाशी उभे होते. तिने हात वर केला नाही, नुसती आमच्या तोंडांकडे बघत राहिली. कमानीच्या तोंडाशी आलो आणि मी सवयीने थबकलो.

"व्हा पुढं," मी म्हणालो.

"तुमी व्हा."

"असं कसं, तुमी मोठे."

मागून येणाऱ्यांनी ओरडा केला. कुणाचा तरी हात पाठीत बसला आणि आम्ही दोघं एकदमच आत ढकलले गेलो. कोण आधी पोचलं ते कमानीतल्या वेळ मोजणाऱ्या यंत्रालाच माहीत, आणि मी ते अजून बघितलेलं नाही. बघायची भीती वाटते.

मुलीने पाणी दिलं. विचारलं काही नाही. मी म्हणालो, "आईला फोन लाव."

बायकोने पहिल्या घंटीला उचलला. "विचारलं का?"

"विचारलं."

मी सगळं सांगितलं. पंगत, शब्द, सुपारी.

"खरं कशावरून?"

मी चपलांचं सांगितलं. पलीकडे परात खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "त्या मुलीचं झालं का पुढं?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी फोन बाजूला धरून विचारलं. पाहुणे कठड्याला टेकून बूट सोडत होते. ते म्हणाले, "झालं. लातूरला दिली. चांगलं घर हाय. मागच्या साली लेकरू झालं." त्यांना एवढं सगळं माहीत होतं. मी फोनवर सांगितलं.

"मग बरं," बायको म्हणाली. "अन् तुमी काय काय बोललाव तिथं?"

"मी काही न्हाई बोललो."

"चढ होता ना?"

"होता."

"मग बोलला असाल. राहू द्या, घरी आल्यावर बघू." तिने थोडा श्वास घेतला. "आता त्यांना व्याही म्हणा. मघापासून पाहुणे पाहुणे काय लावलंय."

मुलगी एवढ्या जवळ उभी होती की तिला ऐकू गेलं. तिने तोंड फिरवलं आणि त्या मुलाच्या हातातली पाण्याची बाटली उगाच काढून घेतली.

व्याह्यांचे दोन्ही बूट काढून झाले होते. पाय सुजले होते, बोटं कशी तरी हलवत होते. बूट त्यांनी जसे काढले तसे आडवेतिडवे पडले होते. माझा हात खाली जायला लागला. त्यांनी तो मधेच धरला आणि म्हणाले, "पडू द्या तसेच."